दुखण्याची आणि न दुखण्याची

जगातली निम्मी दुःखं मोघम शब्दांमुळे निर्माण होतात, असं मसुदेकरांचं ठाम मत होतं. उरलेली निम्मी कशामुळे होतात हे त्यांना एका सोमवारी सकाळी सव्वासहा वाजता समजलं. ती उजव्या पायाच्या अंगठ्यामुळे होतात.

मसुदेकर हे त्यांचं आडनाव नव्हे. खरं आडनाव आता फक्त सेवापुस्तकात आणि सासूबाईंच्या तोंडी शिल्लक होतं. बावीस वर्षं एका मोठ्या कार्यालयात बसून ते सूचनांचे मसुदे करत आले होते. 'भिंतीस टेकू नये', 'टेकल्यास कपड्यांस रंग लागेल', 'लागल्यास कार्यालय जबाबदार राहणार नाही' ही त्यांची गाजलेली त्रिसूत्री. कोणी म्हणायचं, लोक वाचत नाहीत. मसुदेकर म्हणायचे, "लोकांनी वाचावं म्हणून आपण लिहीतच नाही. नंतर 'लिहिलं होतं' असं म्हणता यावं म्हणून लिहितो." असा माणूस मसुदेकर होणार नाही तर काय होणार?

आणि तो सोमवार साधासुधा नव्हता. त्याच आठवड्यातल्या शुक्रवारी बडे साहेब कार्यालयाच्या नव्या इमारतीची पाहणी करायला येणार होते. इमारत चार मजली. तिच्यात एकशे बारा पाट्या. एकशे बाराच्या एकशे बारा मसुदेकरांच्या. बावीस वर्षांत त्यांचं लेखन असं एका जागी, एका रंगात, एका आकारात कधी प्रसिद्ध झालं नव्हतं. साहेबांच्या उजव्या हाताला चालत, मजल्यामागून मजला चढत, एकेक पाटी समजावून सांगायची, हे त्यांनी तीन महिने मनात घोळवलं होतं. आता उभं राहता येत नव्हतं.

त्यात लिफ्ट बंद. लिफ्ट उत्तम होती, नवी कोरी होती. पण आत वजनमर्यादेची पाटी लागल्याशिवाय तपासनीस परवाना देत नव्हता. आणि ती पाटी लागत नव्हती, कारण 'कमाल आठ व्यक्ती' या मजकुरात व्यक्ती किती जाड हे स्पष्ट होत नाही, असा शेरा मारून ती तीन वेळा परत पाठवण्यात आली होती. परत कोणी पाठवली होती, हे सांगायला नको.

पण अंगठ्याची कथा नीट कळायची तर आधी दोन डब्यांकडे जायला हवं.

दोन महिन्यांपूर्वी हा अंगठा वर्षभरात तिसऱ्यांदा पेटला, तेव्हा बायकोने त्यांना धरून डॉक्टरांकडे नेलं होतं. डॉक्टरांनी रक्त तपासलं आणि सांगितलं, "गाऊट आहे. युरिक ॲसिड वाढलंय. त्याचे सुईसारखे खडे सांध्यात जमतात. पूर्वी याला राजेलोकांचा रोग म्हणायचे."

मसुदेकर नाही म्हटलं तरी सुखावले. कार्यालयाने बावीस वर्षांत एकदाच बढती दिली होती. शरीराने एका झटक्यात सिंहासनावर बसवलं.

"आता कोणालाही होतो," म्हणत डॉक्टरांनी सिंहासन काढून घेतलं. "नीट ऐका. गोळ्या दोन आहेत. ही एक आग विझवणारी. ठणका सुरू झाला रे झाला की घ्यायची, उशीर करायचा नाही, आणि मी सांगितल्यापेक्षा जास्त तर मुळीच नाही, नाहीतर अंगठा राहील बाजूला आणि पोट धरून बसाल. काही लोकांना मी हीच सुरुवातीचे काही महिने रोज थोडी थोडी देतो. तुमचं पोट हळवं, म्हणून तुम्हाला ठणक्यापुरतीच."

"आणि दुसरी?"

"दुसरी झाडू मारणारी. ॲसिड हळूहळू खाली आणते. ती रोज. दुखत असो, नसो. आता झाडू मारायला घेतला की आधी धूळ उडते, तसं पहिले काही महिने ठणका मधूनच उठू शकतो. उठला म्हणून झाडू टाकून द्यायचा नाही. कळलं?"

"पूर्णपणे," मसुदेकर म्हणाले. "लेखी मिळेल का?"

घरी आल्यावर बायकोने दोन छोटे प्लास्टिकचे डबे घेतले आणि जाड पेनाने एकावर लिहिलं 'रोज', दुसऱ्यावर 'ठणका'. मसुदेकरांनी ते पाहिलं आणि त्यांच्या चेहऱ्यावर अंगठ्याहून वेगळी वेदना उमटली.

"हे काय आहे?"

"गोळ्या आहेत."

"ते दिसतंय. 'ठणका' हा काय शब्द झाला? औषधाच्या डब्यावर 'ठणका'! उद्या विषाच्या बाटलीवर 'मेलात' लिहिशील."

"कळल्याशी कारण ना?"

"कळणं वेगळं आणि भाषा वेगळी," मसुदेकर म्हणाले. त्यांच्या बावीस वर्षांच्या नोकरीचं सार याहून कमी शब्दांत कोणी सांगितलं नसेल.

मग ते मसुद्याला बसले. पहिला मसुदा असा झाला: 'सदर गोळी सांध्यात वेदना उद्भवल्यास विनाविलंब घेण्यात यावी, वेदना न उद्भवल्यास घेण्यात येऊ नये, तथापि वेदना उद्भवली किंवा कसे याबाबत संभ्रम असल्यास...' हा कागद डब्याभोवती चार वेढे बसला. गोळी काढायची तर आधी मजकूर सोडायला लागायचा. दुसरा मसुदा अडीच वेढ्यांचा झाला. पुढच्या रविवारचा अख्खा दिवस छाटणी करून संध्याकाळी त्यांनी दोन डबे टेबलावर ठेवले. एकावर सुबक अक्षरात 'दुखण्याची'. दुसऱ्यावर 'न दुखण्याची'.

"दुखत असेल तेव्हा दुखण्याची. दुखत नसेल तेव्हाही घ्यायची ती न दुखण्याची. मिळून तीन शब्द," ते म्हणाले. त्यांचा स्वर मुलगी पहिली आलेल्या बापाचा होता.

बायको बँकेत अधिकारी होती. कागद उलटसुलट वाचण्यात तिचीही हयात गेली होती. तिने दोन्ही डबे हातात घेऊन फिरवून पाहिले. "अहो, पण हे कोणी उलटं वाचलं तर?"

"आपल्या घरात उलटं वाचणारं कोण आहे?"

घरात कोणी नव्हतं हे खरं. खालच्या मजल्यावर होतं.

तर तो सोमवार. आदल्याच दिवशी, रविवारी सकाळी, बायको बँकेच्या प्रशिक्षणासाठी परगावी गेली होती, गुरुवारी परतणार होती. जाताना बजावून गेली होती, "आज त्या निरोपाच्या जेवणात जरा जपून." निरोप एका सहकाऱ्याला होता. जेवणात कोळंबी होती. मसुदेकर दोनच ताटल्या जेवले आणि बिअरचा एकच ग्लास प्यायले. ग्लास उंचीला फुलदाणीएवढा होता, पण मोजताना एकच भरतो.

सकाळी सव्वासहाला अंगठा टोमॅटोसारखा लाल, तापलेला आणि फुगलेला. डबे भिंतीपलीकडच्या फळीवर, चष्मा त्याच्याही पलीकडे. मसुदेकरांनी फोन करून खालच्या वकीलसाहेबांना वर बोलावलं. जास्तीची किल्ली त्यांच्याकडे असायची. वकीलसाहेब निवृत्त होऊन सहा वर्षं झाली होती, पण वाद थांबला नव्हता, फक्त पक्षकार थांबले होते.

"काय झालं? बघू, पांघरूण काढा."

"हात नका लावू! पांघरूण लागतंय!"

"लागतंय म्हणजे हवंय?"

"लागतंय म्हणजे दुखतंय!"

"मग तसं स्पष्ट बोला ना. तुमच्यासारख्या माणसाने!" वकीलसाहेबांनी फळीवरचे डबे आणले आणि हात लांब करून वाचले. "'दुखण्याची'. 'न दुखण्याची'. बरं. मसुदेकर, तुम्हाला काय हवंय? दुखायला हवंय की न दुखायला?"

"अर्थातच न दुखायला."

"प्रश्न मिटला." त्यांनी दुसरा डबा उघडला.

"थांबा, थांबा. मला वाटतं, लिहिताना हेतू जरा वेगळा होता."

"हेतू कोणी बघत नाही, मजकूर बघतात. झोपेची गोळी कशासाठी घेतात?"

"झोप यावी म्हणून."

"ताकदीची?"

"ताकद यावी म्हणून."

"मग दुखण्याची?"

 अंगठा ठणकत असताना व्याकरण आठवत नाही, हा अनुभव मसुदेकरांना नवा होता. तरी बुडत्याने काडी धरावी तसे ते म्हणाले, "पण तापाची गोळी?"

"अपवाद," वकीलसाहेब म्हणाले. "अपवादानेच नियम सिद्ध होतो. घ्या, आ करा."

मसुदेकरांनी आ केला. शब्दांच्या लढाईत हरलेल्या माणसाने दुसरं काय करावं? वकीलसाहेबांनी निघताना पहिला डबा खिशात टाकला. "ही असली वस्तू घरात ठेवणंच धोक्याचं. नावातच कबुलीजबाब आहे." आणि खाली जाता जाता त्यांनी तो डबा कचऱ्याच्या गाडीत टाकला. शेजारधर्माला जागणं म्हणजे काय, ते असं.

संध्याकाळी बायकोचा फोन आला.

"गोळी घेतली?"

"घेतली."

"कुठली?"

"न दुखण्याची."

"शाब्बास," ती म्हणाली. कोळंबीचा विषय निघेल या धास्तीने मसुदेकरांनी अंगठ्याचा विषय काढला नाही, आणि दोघांनीही आपापल्या परीने समाधानाने फोन ठेवला.

मंगळवारी अंगठा पायापेक्षा मोठा वाटू लागला. बातमी जिन्याने वर गेली, खाली गेली आणि सल्ले घेऊन परत आली. वरच्या काकूंनी कोबीचं पान आणून अंगठ्याला गुंडाळलं आणि कोबी खायचा मात्र नाही म्हणून सांगितलं. समोरच्या दारातून टोमॅटो बंद झाले. बाजूच्या दारातून पालक, वाटाणा आणि भुईमूग. तिसऱ्या मजल्यावरच्या एका गृहस्थांनी, ज्यांना स्वतःला मूळव्याध होती, तिखट बंद करवलं. दुपारपर्यंत खाण्याजोगं फक्त पाणी उरलं. तेही गार नको, असं वकीलसाहेबांच्या बायकोने खालून ओरडून सांगितलं.

चार वाजता कार्यालयातून भांडारप्रमुखांचा फोन आला. पाट्यांची खरेदी त्यांनी केली होती.

"मसुदेकर, तब्येत बरी नाही असं ऐकलं. तुम्ही मजेत आराम करा हो. शुक्रवारी साहेबांना पाट्या मी दाखवतो. शेवटी आणल्यात मीच ना?"

"आणणं वेगळं आणि लिहिणं वेगळं," मसुदेकर दातओठ खात म्हणाले.

"ते खरं. पण साहेबांना त्यातला फरक कोण सांगणार? तुम्ही तर अंथरुणात."

फोन ठेवल्यावर मसुदेकरांनी उभं राहायचा प्रयत्न केला. कोबीचं पान एकीकडे आणि ते दुसरीकडे पडले. त्याच अवस्थेत बायकोचा फोन.

"अहो, आवाज असा का येतोय?"

"कसा?"

"जमिनीवरून आल्यासारखा."

आता लपवण्यात अर्थ नव्हता. कोळंबीपासून कोबीपर्यंत सगळं बाहेर आलं.

"मग दुखण्याची घेतली नाहीत?" तिने विचारलं.

"आधीच इतकं दुखतंय, त्यात आणखी दुखण्याची कशाला घेऊ?"

 मग बायको एकेक शब्द सुटा करून म्हणाली, "दुखण्याची, म्हणजे, दुखत, असताना, घ्यायची."

"मग 'दुखत असताना घ्यावयाची' असं लिहायला हवं होतं."

"लिहिलं कोणी?"

मसुदेकरांनी कोबीचं पान उचलून पुन्हा अंगठ्याला गुंडाळलं. "तो डबा कुठाय?" तिने विचारलं. डबा कुठे गेला ते ऐकल्यावर मात्र ती हसायला लागली. थांबेचना. आधी मसुदेकरांना राग आला, मग जमिनीवर पडल्या पडल्या त्यांनाही हसू फुटलं. प्रत्येक हसण्याबरोबर अंगठ्यातून कळ निघत होती, त्यामुळे "हा हा आई गं, हा हा आई गं" असा एक नवाच प्रकार खालच्या मजल्यापर्यंत ऐकू गेला. वकीलसाहेब समजले, गोळीचा गुण येतोय.

बुधवारी एका पायात चप्पल, दुसऱ्यात लोकरीचा मोजा अशा वेषात मसुदेकर टॅक्सीने औषधांच्या दुकानात पोचले. डॉक्टरांची चिठ्ठी बायकोच्या पर्समध्ये, म्हणजे परगावी गेली होती. तिने चिठ्ठीचा फोटो पाठवला होता. औषधवाल्याने फोटो पाहिला, मोजा पाहिला, हळहळला आणि मागच्या भिंतीकडे बोट दाखवलं.

भिंतीवर पाटी होती: 'डॉक्टरांच्या मूळ चिठ्ठीशिवाय, तसेच तिच्या प्रतीवर, छायाचित्रावर, तोंडी सांगण्यावर अथवा ओळखीवर औषध दिले जाणार नाही.'

मसुदेकरांनी शैली लगेच ओळखली. तीन वर्षांपूर्वी कार्यालयाने सगळ्या औषधांच्या दुकानांना पाठवलेली, त्यांच्या भरातल्या काळातली. 'अथवा ओळखीवर' हे तर त्यांनी अगदी शेवटच्या क्षणी घातलं होतं आणि त्या रात्री त्यांना शांत झोप लागली होती.

"यातून काही मार्ग?" त्यांनी क्षीण आवाजात विचारलं.

"नाही हो. कोणी लिहिलंय देव जाणे, पण बारीकशी फटसुद्धा ठेवली नाही मेल्याने."

मसुदेकरांची छाती अभिमानाने फुगली. त्या आठवड्यात न दुखता फुगलेली ती एकच गोष्ट.

तिथून डॉक्टरांकडे. डॉक्टरांनी सगळी हकिगत ऐकली, मध्ये दोनदा चष्मा काढून डोळे पुसले आणि विचारलं, "आणि या सगळ्यात रोजची गोळी चुकली नाही ना?"

"नाही. तीच तर घेत होतो."

"उत्तम! लोक नेमकी तीच टाकून देतात. ती घ्यायला लागलो आणि दुखलं, म्हणजे तिनेच केलं, असं म्हणून. तुम्ही चुकून का होईना, निम्मं बरोबर केलंत." मग ते जरा गंभीर झाले. "आग विझवणारीला मात्र दोन दिवस उशीर झालाय. पहिल्याच दिवशी घेतली असती तर एव्हाना चालला असतात. आता तिच्या एकटीवर भिस्त ठेवत नाही. सोबत चार दिवसांपुरती आणखी एक देतो, सूज उतरवायला. ती तेवढ्यापुरतीच, कायमची नव्हे."

"शुक्रवारी चार मजले चढायचे आहेत."

"लिफ्ट नाही?"

मसुदेकरांनी खिडकीबाहेर पाहिलं. "तांत्रिक अडचण आहे," ते म्हणाले.

बुधवारी संध्याकाळपर्यंत काही सांगण्यासारखं नव्हतं. गुरुवारी सकाळी पांघरूण लागेनासं झालं. दुपारी बायको परतली तेव्हा मसुदेकर दारापर्यंत आले होते, भिंत धरून का होईना. शुक्रवारी पहाटे सूज बसली आणि मसुदेकर उठले.

प्रश्न बुटाचा होता. उजवा पाय त्यांच्या स्वतःच्या बुटात जायला तयार नव्हता. तेव्हा वकीलसाहेब आपले कोर्टातले काळे बूट घेऊन वर आले. "दोन नंबर मोठे आहेत. नुकसानभरपाई समजा. मात्र मी चूक मान्य केली असा याचा अर्थ काढायचा नाही."

बायकोने डाव्या बुटात कापूस कोंबला, उजवा मोकळा सोडला, आणि त्यांच्या पाठीवर थाप मारली. "जा. आणि अहो, साहेबांना पाट्या दाखवा, डबे दाखवू नका."

अकरा वाजता बडे साहेब आले. भांडारप्रमुख त्यांच्या उजव्या हाताला उभे होते. जिन्यावरून 'खट-फट, खट-फट' आवाज करत मसुदेकर येताना दिसले, तेव्हा भांडारप्रमुखांचा चेहरा कोबीच्या शिळ्या पानासारखा झाला. साहेबांची उजवी बाजू रिकामी झाली. मसुदेकर तिथे जाऊन उभे राहिले. पायात किंचित कळ होती. पण उभं राहता येणं ही केवढी मोठी गोष्ट आहे, हे माणसाला चार दिवस आडवं झाल्याशिवाय कळत नाही. पहिला मजला त्यांनी तरंगत पार केला.

साहेब पहिल्या मजल्यावर फोनवर बोलत होते. दुसऱ्या मजल्यावर त्यांनी खिडक्या उघडतात का ते बघितलं. तिसऱ्या मजल्यावर 'आवक-जावक विभाग (केवळ आवक)' या पाटीखाली उभं राहून त्यांनी आवक विभाग कुठे आहे ते विचारलं. मसुदेकरांनी हळूच वर बोट दाखवलं. साहेबांनी छत पाहिलं आणि रंग चांगला दिलाय म्हणाले. एकशे बारा पाट्यांपैकी एकशे नऊ मागे पडल्या. मसुदेकरांना त्याचं वाईट वाटायला हवं होतं. पण जिने चढताना उजवा पाय जेव्हा जेव्हा पायरीवर टेकत होता आणि तरीही ओरडत नव्हता, तेव्हा तेव्हा त्यांना इतकं भरून येत होतं की वाईट वाटायला जागाच उरत नव्हती.

चौथ्या मजल्यावर, शेवटच्या दालनाच्या दारात, साहेब एकदम थबकले. त्यांच्या मागे सगळा लवाजमा थबकला.

दाराच्या मधोमध एक वीट ठेवलेली होती. विटेला पुठ्ठ्याचा तुकडा टेकवलेला. त्यावर खडूने, वेड्यावाकड्या अक्षरात लिहिलं होतं: 'ओलं आहे.'

साहेबांनी खाली वाकून वाचलं. मग त्यांनी करड्या आवाजात विचारलं, "हे कोणी लिहिलंय?"

आता दोष कोणावर तरी येणार, हे ओळखून भांडारप्रमुख दोन पावलं मागे सरकले आणि ठणकावून म्हणाले, "मसुदेकरांनी, साहेब! इथलं सगळं लेखन त्यांचंच!"

"वा!" साहेब म्हणाले. "याला म्हणतात लिहिणं. दोन शब्द. वाचलं, कळलं, थांबलो. बाकीच्या पाट्याही अशाच असतील ना?"

मसुदेकरांनी तोंड उघडलं. दालनात तो पुठ्ठा लिहिणारा गवंडी थापी पुसत बसला होता. तो वर बघून मान डोलावत होता. त्याचीही काही हरकत दिसत नव्हती. बावीस वर्षांत पहिल्यांदाच कोणी त्यांच्या लेखनाला वा म्हटलं होतं, आणि ते लेखन त्यांचं नव्हतं, ही बाब खुलाशाने स्पष्ट करता आली असती. पण काही खुलासे दुखण्याचे असतात. त्यांनी तोंड मिटलं आणि वकीलसाहेबांच्या बुटात झेपेल तितपत कमरेत वाकले.

साहेबांनी हात केला. बडे साहेब, त्यांच्या मागे मसुदेकर, मागे भांडारप्रमुख आणि त्यांच्या मागे सगळे अधिकारी, असे अठरा जण भिंतीला पाठ लावून, पोट आत घेऊन, एकामागोमाग एक दालनाच्या कडेकडेने पलीकडे गेले.

फरशी मंगळवारीच वाळली होती.